माइंडफुलनेस प्रश्नावली अरबीत: ‘निरीक्षण’ घटक वेगळा का पडतो?

प्रश्न
अम्मानच्या एका विद्यापीठातल्या मुलामुलींनी ३९ विधानांची, पाच घटकांची माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाचं सजग भान) प्रश्नावली अरबीत भरून दिली आहे. विश्लेषण माझ्याकडे आहे. चार घटक छान जुळतात, पण ‘निरीक्षण’ (शरीरातल्या संवेदना, आवाज, वास टिपणं) फटकून राहतं. काढून टाकू? मुलांनी मनापासून भरलेली उत्तरं टाकवत नाहीत.

प्रतिसाद १
घाई नको! २००६ साली ही प्रश्नावली मांडली गेली, तेव्हाही ध्यान न करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ‘निरीक्षण’ एकूण रचनेत नीट बसलं नव्हतं. परीक्षेच्या धास्तीने छातीतली धडधड सतत टिपणारी मुलगीसुद्धा इथे भरपूर गुण मिळवते, आणि तिचं मन मात्र अजिबात थाऱ्यावर नसतं. म्हणजे दोष अरबी आवृत्तीचाच असेल असं नाही.

प्रतिसाद २
आधी गुणांकन बघा. ‘भान ठेवून वागणं’ आणि ‘स्वतःला दोष न देणं’ यांतली सगळी विधानं उलट मोजायची असतात, म्हणजे ‘५’ला ‘१’ धरायचं. सरसकट ‘५’वर खुणा केलेले अर्जही तिथेच सापडतात.

प्रश्नकर्ती
गुणांकन तपासलं, बरोबर आहे. ध्यान करता का, हा रकानाही आहे. ‘हो’ म्हणणारे फारच थोडे.

प्रतिसाद १
मग त्यांचा वेगळा गट करून तुलना करू नका, आकडे डळमळीत येतील. चार आणि पाच घटकांची दोन्ही प्रारूपं (घटक एकमेकांशी कसे जुळतात याचे आराखडे) शेजारी शेजारी मांडा, ‘निरीक्षण’चे गुण बेरजेत न घेता स्वतंत्र द्या. मुलगे आणि मुलींमध्ये रचना सारखी राहते का, म्हणजे विधानं दोघांकडे तीच गोष्ट मोजतात का, हे तपासल्याशिवाय त्यांच्या सरासरींची तुलना मात्र छापू नका.