मदत हवी आहे: सरांच्या व्हिडिओ मांडणीच्या कॅसेट वाचवायच्या आहेत, आणि हेच काम शिकायला इंटर्नशिपही हवी आहे (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, चित्रकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात परीक्षा संपली की दोन महिने मोकळे मिळतात. व्हिडिओ, ध्वनी, संगणक वापरून केलेल्या कलाकृती कशा जपतात, हे त्या दोन महिन्यांत कुणाच्या तरी हाताखाली शिकायचं आहे.

हे डोक्यात आलं ते आमच्या सरांमुळे. सरांनी १९९९ साली बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एक मांडणी (इन्स्टॉलेशन) केली होती. तीन टीव्ही. दोन समोरासमोर, दोन्हींवर माग चालतोय. तिसरा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, म्हणजे त्याचं चित्र कुणाला दिसायचंच नाही, नुसता उजेड भिंतीवर हलायचा. आवाज मात्र तिन्हींचा. सर सांगतात, शेजारचे मागवाले बघायला आले आणि डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, कुठला माग ठोका चुकतोय ते सांगून गेले. चार दिवसांनी टीव्ही ज्याचे त्याला परत केले. उरल्या पाच व्हीएचएस कॅसेट, दोन हाय-एट (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) आणि वहीतली दोन पानं.

मागच्या महिन्यात सरांनी खाटेखालची ट्रंक उघडून हे सगळं माझ्यापुढे ठेवलं. कॅसेटच्या खिडक्यांतून बघितलं तर एकीच्या टेपच्या कडेला पिठासारखी पांढरी बुरशी. त्या कॅसेटवर सरांच्या अक्षरात 'भिंत' एवढंच लिहिलंय. तीच ती, तिसऱ्या टीव्हीची. आणि बुरशी नेमकी तिलाच.

खरं तर व्हीएचएस कॅसेट सहा होत्या. सहावी सरांनी दहा-बारा वर्षांपूर्वी एका दुकानात डीव्हीडी करायला दिली होती. डीव्हीडी मिळाली, पण चित्र आडवं ताणलेलं, माग वेगात आला की पडद्यावर नुसते चौकोन. मूळ कॅसेट दुकानातून परत आलीच नाही. म्हणून या वेळी नीट समजून घेतल्याशिवाय एकाही कॅसेटला हात लावायचा नाही, असं मी ठरवलंय.

आता खरा प्रश्न. आमचे काका चादरीच्या जेकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) कार्डं पाडायचे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोरीने एकीला एक शिवलेल्या. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी, त्यामुळे एका मोराला पट्ट्यांची ही भली मोठी माळ लागते. काका म्हणायचे, चादर कपाटात शंभर वर्षं ठेवा, पण कार्डं रद्दीत गेली की तो मोर परत विणता येत नाही. सरांच्या कामात कॅसेट म्हणजे चादर की कार्ड? कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली म्हणजे काम वाचलं का? ट्यूबच्या टीव्हीऐवजी आजचा एलईडी भिंतीकडे फिरवला तर भिंतीवर तसाच उजेड पडेल का? प्रबंधाचा विषय हाच घ्यावा असं वाटतंय. तो टिकेल का, तेही सांगा.

पुण्यात मावशीकडे राहायची सोय आहे. मुंबईचा खर्च झेपणार नाही. सोलापुरातून हुतात्मा एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन करणं घरच्यांना पटत नाही, आणि मलाही ते जमेलसं वाटत नाही. तीन ठिकाणी मेल केली, एकाचंच उत्तर आलं: सध्या जागा नाही. मेलमध्ये काय लिहिलं तर लोक वाचतात?

प्रतिसाद १

विषय चांगला आहे, सोडू नका. मी पुण्यात काही वर्षं फिल्म संग्रहणाचं काम केलंय, त्यावरून सांगतो.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालचं, पी. के. नायर यांनी घडवलेलं. २०२२ पासून ते एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन आहे. तिथला भर सेल्युलॉइडवर, म्हणजे सिनेमाच्या फिल्मवर, तुमचं काम चुंबकीय टेपवरचं. तरी रीळ हाताळायची, नोंद करायची, तापमान आणि दमट हवा सांभाळायची शिस्त तिथे दिसते, म्हणून अर्ज जरूर करा. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. त्या जुने चित्रपट जपण्याच्या असतात, २०१५ पासून फियाफ या चित्रपट संग्रहालयांच्या जागतिक संघटनेबरोबर होतात, आणि मुंबईबाहेरही होतात. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या अर्काइव्हजमध्ये (अभिलेखागारात) विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेतात. विषय विज्ञानाच्या इतिहासाचा, पण यादी कशी करायची, हक्कांची नोंद कशी ठेवायची, हे तिथे हाताने शिकता येतं. घरबसल्या बघायचं तर पॅड डॉट मा हा चित्रफितींचा ऑनलाइन संग्रह बघा. २००८ पासूनचं आहे. तिथे चित्रफितीच्या एकेका तुकड्यावर टिपणं आहेत, तुमच्या प्रबंधाला ती पद्धत उपयोगी पडेल.

तुमच्या चादर-कार्डाच्या प्रश्नावर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात बराच विचार झालाय. त्यांनी कलाकाराला विचारायच्या प्रश्नांची एक प्रश्नावली केली आणि चार वाटा मांडल्या: मूळ वस्तू जपून ठेवणं, नव्या यंत्रावर नेणं, जुन्या यंत्राचं रूप नव्यात उभं करणं आणि नव्याने मांडणं. यातली कुठली चालेल ते कलाकाराने सांगायचं. म्हणून आधी सरांची मुलाखत घ्या. तिसरा टीव्ही कुठल्या मापाचा होता, भिंतीपासून किती हात लांब, भिंतीला चुना होता की रंग, आवाज किती मोठा, एलईडी त्यांना चालेल का, सगळं विचारा. कॅसेट थांबतील एक वेळ, माणसाची आठवण थांबत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. अकबर पदमसी या चित्रकाराने १९६९ साली मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले असे एकत्र आणून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केली. तिथे त्यांनी केलेल्या दुसऱ्या फिल्मची एकुलती एक प्रत हरवली, ती गेलीच.

मेल लिहिताना 'मला शिकायची आवड आहे' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. सात कॅसेटची यादी जोडा: प्रकार, लेबलवरचा मजकूर, साल, अवस्था, फोटो. ती यादी बघून लोक उत्तर देतात.

प्रतिसाद २

ताई, मी सोलापूरचाच. तीस वर्षं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त केलेत. बुरशीची कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते, आणि मग त्या मशीनमध्ये घालाल त्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, हाताळताना तोंडाला मास्क लावा. रिवाइंडसुद्धा करू नका. ट्रंक पत्र्याची असेल तर उन्हाळ्यात आतलं सगळं भाजून निघतं. कॅसेट बाहेर काढा, घरातल्या गार कपाटात पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. कॅसेटच्या पाठीला एका कोपऱ्यात प्लास्टिकचा छोटा कान असतो, तो शाबूत असेल तर मोडून टाका. मग चुकून वर रेकॉर्डिंग होत नाही.

नवीन व्हीसीआर मिळायचा नाही. शेवटच्या कंपनीने २०१६ ला बनवणं बंद केलं. माझ्याकडे एक चालू आहे, एस-व्हिडिओवाला, म्हणजे चित्र जास्त स्वच्छ देणाऱ्या जोडणीचा. हेड साफ करून ठेवतो. चांगल्या कॅसेट त्यावर घेऊ, पण मशीनला टाइम बेस करेक्टर (डळमळता सिग्नल सरळ करणारं यंत्र) जोडायला लागेल, नाहीतर चित्र वरच्या बाजूला वाकतं. कॉम्प्युटरवर घ्यायला स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर घेऊ नका, मधल्या फ्रेम गळतात.

प्रतिसाद १

वरच्या दादांचं शंभर टक्के बरोबर. फाइल एफएफव्ही१ या व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत घ्या, त्यात चित्राचं काही कमी होत नाही. तासाला ३०-४० जीबी धरून चाला. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून निघणारा ओळख-आकडा) काढून वहीतही लिहा, पुढे फाइल बिघडली की लगेच कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सरांकडे जाऊन आले. 'भिंत' वेगळ्या पिशवीत ठेवली, बाकीच्या कपाटात उभ्या केल्या. पाच व्हीएचएसपैकी दोन कॅसेटचे कान शाबूत होते, ते सरांनी स्वतः मोडले. टीव्ही भिंतीपासून किती लांब होता असं विचारल्यावर ते उठून हॉलमधल्या भिंतीजवळ उभे राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, "इतका." मी टेपने मोजलं, ६२ सेंटिमीटर. एलईडी चालेल का, याला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. विचार करून सांगतो म्हणाले.

व्हीसीआरवाले काका, रविवारी दुकान उघडं असतं का? चांगल्या चार व्हीएचएस घेऊन येते. आणि 'भिंत'ची बुरशी काढून देणारं कुणी पुण्यात किंवा मुंबईत माहीत असेल तर कृपया इथेच सांगा.