डीप-व्ही बोट वळणात इतकी कलते, हे बरोबर की काहीतरी चुकतंय?

संगमावरचा

आतापर्यंत देवबाग-तारकर्लीत सपाट तळाच्या फायबर होड्या चालवल्या. आता 21 फुटी डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही-आकाराच्या तळाची बोट, हाताखाली आली आहे. ट्रान्समला (मागच्या उभ्या फळीला) डेडराइज, म्हणजे तळाच्या बाजूंचा उतार, 22 अंश, 150 एचपीचं एकच ओबीएम (बाहेर टांगलेलं इंजिन), 25 इंची शाफ्ट, हायड्रॉलिक स्टेअरिंग, दोन ट्रिम टॅब (मागे तळाशी खाली-वर होणाऱ्या पट्ट्या). पंखा अ‍ॅल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, 17 पिच (एका फेऱ्यात कागदावर 17 इंच पुढे). तीन माणसं घेऊन सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटलला 5600 आरपीएम आणि 34 नॉट मिळतात, 4000 ला 24 नॉट.

एक, वळताना बोट आतल्या अंगाला एवढी झोपते की बसलेली माणसं दचकतात. दोन, 24 नॉटला अर्धं वळण झालं की इंजिन एकदम किंचाळतं, आरपीएम 4000 वरून 5200 वर आणि वेग मात्र 15 वर. हे डावीकडे वळताना जास्त, उजवीकडे कधीतरीच. तीन, अशा वेळी थ्रॉटल सोडला की नाक पाण्यात घुसतं आणि मागची बाजू सुटते. यातलं बोटीचं किती आणि हाताचं किती?

चाइनवाला

पहिलं बोटीचं आहे आणि ते तसंच असायला हवं. तिसरं हाताचं. दुसऱ्यात दोन्ही असू शकतं.

सपाट तळाची होडी वळताना बाहेर घसरते आणि बाहेरच्याच अंगाला झुकते. तुमच्या अंगाला ती सवय. डीप-व्हीत सगळं उलटं. स्टेअरिंग फिरवलं की इंजिन मागची बाजू बाहेर ढकलतं, तळ आडवा सरकतो आणि बाहेरच्या उतारावर पाणी जास्त जोरात आदळतं. ती बाजू उचलली जाते, आतली खाली बसते. आता तुमचे 22 अंश घ्या. बोट 18-20 अंश आत कलली की आतला उतार पाण्याला जवळजवळ समांतर होतो आणि बाहेरचा 40 अंशांच्या भिंतीसारखा उभा राहतो. समांतर झालेला उतार वजन पेलतो म्हणून कल तिथेच अडतो, आणि उभी भिंत घसरू देत नाही. माणसांना एवढंच सांगा की बसून राहा, धरून राहा. तोल सावरायला म्हणून कोणी उठून दुसऱ्या बाजूला गेला, तर भीती त्याची आहे. वळणात माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो.

वळणाचं काम स्टेअरिंगच्या आधी सुरू होतं. सरळ पळताना इंजिन थोडं बाहेर ट्रिम केलेलं, म्हणजे पंखा ट्रान्समपासून लांब जाईल असं तिरपं केलेलं असतं. तसंच ठेवून वळलात तर पंखा हवा ओढणार. म्हणून वळायच्या आधी ट्रिमचं बटण दीड-दोन सेकंद आत दाबा, नाक जरासं खाली येईल एवढंच. पूर्ण आत नको. पूर्ण आत घेतलं की पुढची खोल धार पाण्यात रुतते, बोट त्या नाकावरच गरकन फिरते आणि मागची बाजू बाहेर सुटते. ट्रिम टॅबही वर घ्या, त्यांनी नाक आणखी दाबलं जातं.

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. 24 वरून 19-20 वर या, मग फिरवा. वळणात बोट आपोआप वेग गमावते, तेव्हा 200-300 आरपीएम वाढवून ती पाण्यावर तरंगती ठेवा. काही बिनसलं तर आधी स्टेअरिंग सरळीकडे आणा आणि मग थ्रॉटल हळूहळू कमी करा. वळणातच झटकन सोडलात तर नाक पडतं, खोल धार सुकाणूसारखी धरते, हलकी झालेली मागची बाजू फिरते, वर तुमचीच मागची लाट ट्रान्समवर चढते. तुमचं तिसरं लक्षण तंतोतंत हेच.

सरावाला जाळ्यांचे बोये नसलेली, निदान तीन मीटर पाण्याची मोकळी जागा घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नको, तिथे पाण्याखाली खडक आहेत. 16 नॉटला सुरुवात करा, स्टेअरिंगचा पाव फेरा, होकायंत्रात 90 अंश बदलेपर्यंत धरा, सरळ व्हा. मग अर्धा फेरा, मग पूर्ण. प्रत्येक वेळी आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा वेग आणि सगळ्यात जास्त चढलेला आरपीएम लिहून काढा, डावं-उजवं वेगळं. हे आकडे हातात बसल्यावरच 20 आणि 24. पूर्ण गोल मारू नका. शेवटाला आपलीच लाट आडवी येते आणि कललेल्या बोटीखाली घुसते. 270 अंशांच्या आत बाहेर पडा.

किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मांडीला किंवा जॅकेटला, रोज. स्टेअरिंग मोकळं सुटलं तर बोट स्वतःभोवती गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. अमेरिकेत 26 फुटांखालच्या बोटींना एप्रिल 2021 पासून हे कायद्यानेच बांधलं आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची.

रापणकार

पयलो पंखो बघा, मगे बाकीचा.

पात्याच्या कडेवरून बोट फिरवा. नख अडकेल एवढी चीर किंवा दुमड असली तरी वळणात तिथूनच फेस सुरू होतो. वाळूच्या पट्ट्यात चालणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्याची कड वर्षभरात बोथट होते, बघून कळत नाही, बोटाला कळते.

ओबीएम_मिस्त्री

कड बघाच, पण आकडे वेगळं सांगताहेत. तुमच्या इंजिनचा गिअर रेशो 2:1 असेल तर (मॅन्युअलमध्ये बघून घ्या) 4000 ला पंखा 2000 फेरे मारतो. 2000 गुणिले 17 इंच, भागिले 12, गुणिले 60, भागिले 6076 (सागरी मैलातले फूट): 28 नॉट. तुम्हाला 24 मिळतात, म्हणजे स्लिप (पंख्याचा वाया जाणारा वेग) 14 टक्के. पूर्ण थ्रॉटललाही तेवढीच येते. सरळ चालताना पंखा पाणी नीट धरतोय. बिघाड फक्त वळणात आहे, म्हणजे वरून हवा येतेय.

तीन मापं द्या. बोट ट्रेलरवर घेऊन इंजिन सरळ उभं करा, कीलच्या (तळाच्या मधल्या धारेच्या) खालच्या टोकाला सरळ पट्टी लावून मागे न्या आणि पंख्यावरची आडवी प्लेट पट्टीच्या किती वर येते ते बघा. दुसरं, फिश-फाइंडरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारा, ट्रान्समवरचा तुकडा) पंख्याच्या मध्यरेषेपासून किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला. तिसरं, पंख्याच्या मधल्या बुशवर आणि बाहेरच्या हबवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा, एक जोरदार फेरी मारून या आणि रेघ जुळतेय का बघा. रेघ तुटली तर आतलं रबर सरकतंय, मग बाकी सगळी चर्चा व्यर्थ.

संगमावरचा

प्लेट कीलच्या 2 इंच वर. ट्रान्सड्यूसर उजवीकडे, मध्यापासून 8 इंचांवर. रेघ जुळलेली. कडेला एका पात्यावर बारीक चीर होती, कानशीने घासून काढली.

ओबीएम_मिस्त्री

मग दोन्ही गुन्हेगार सापडले.

ट्रान्सड्यूसर मध्यरेषेपासून निदान 15 इंच लांब हवा. तो उजवीकडे आणि त्रास डाव्या वळणात, हे उलटं वाटेल, पण तसंच व्हायला हवं. डावीकडे वळताना बोट उजवीकडे घसरते, म्हणजे तळाखालचं पाणी बोटीच्या मानाने डावीकडे वाहतं. ट्रान्सड्यूसरमागची बुडबुड्यांची शेपटी त्याच्याबरोबर डावीकडे वळते आणि थेट पंख्यात जाते. उजव्या वळणात ती बाहेर निघून जाते. ब्रॅकेटसकट तात्पुरता काढा आणि तेच वळण घेऊन बघा. दोन स्क्रूचं काम आहे. जुनी भोकं मरीन सीलंटने बुजवायला विसरू नका, ट्रान्समच्या आतलं लाकूड पाणी पितं.

तेवढ्याने भागलं नाही तर इंजिन एक भोक खाली. भोकांमधलं अंतर साधारण पाऊण इंच असतं, म्हणजे प्लेट सव्वा इंचावर येईल. एका इंजिनच्या व्ही-तळाला कीलच्या बरोबरीपासून इंचभर वरपर्यंत हा सुरुवातीचा पट्टा. नुसते बोल्ट ढिले करून इंजिन घसरवू नका, दोनशे किलोच्या वरचं धूड आहे. लिफ्टिंग रिंगला चेनब्लॉक लावा, बोल्ट काढा, भोकं साफ करा, नवीन सीलंट भरून आवळा. खात्री पाण्यातच होते: 24 नॉटला सरळ पळताना मागे वाकून बघा. प्लेटवरून पाण्याची पातळ चादर सरकताना दिसली पाहिजे. प्लेट अर्धा फूट पाण्याखाली गाडली गेली असेल तर जास्त खाली घेतलंत.

नाखवा_मांडवा

डाव्या-उजव्याचं एक कारण राहिलं. पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा उलटा पीळ बोटीला डावीकडे दाबतो. म्हणून डावं वळण पटकन आणि जास्त कलतं, उजवं जड वाटतं. चालवणारा उजवीकडे बसतो तो काही अंशी याचा उतारा. दोन जड माणसं डावीकडे बसवली की फरक दुप्पट जाणवेल.

वाऱ्याचंही असंच. वारा आडवा असेल तर डीप-व्ही वाऱ्याच्या बाजूलाच कलते, नवख्याला वाटतं वजन चुकलंय. जी बाजू खाली गेली त्याच बाजूचा टॅब थोडा खाली घ्या. मात्र बटणावरची चिन्हं नीट वाचा: बऱ्याच पॅनलवर ती नाकासाठी असतात, म्हणजे डावीकडचं ‘बो डाउन’ दाबलं की हलतो उजवा टॅब. लोक इथेच बोट आणखी वाकडी करून ठेवतात. वळायच्या आधी टॅब परत वर.

आणि संगमावरचे, तुमचा खरा पेपर कर्ली नदीच्या मुखावर आहे. हा तळ 1960 च्या मायामी-नसाऊ शर्यतीत रे हंटने आखलेल्या ‘मॉपी’ बोटीने गाजवला तो समोरच्या लाटा कापायला. मागून येणाऱ्या लाटेत तीच खोल धार उलटते. आत येताना लाटेच्या पाठीवर बसून राहा, तिच्या वेगाने. माथा ओलांडून पुढच्या खळग्यात उतरलात की नाक रुतेल, मागची लाट ट्रान्सम आडवा करेल. तेव्हा ट्रिम थोडा बाहेर, टॅब पूर्ण वर, आणि लाटेच्या उतारावर स्टेअरिंग फिरवायचं नाही. वळायचंच असेल तर मोठ्या तीन-चार लाटा जाऊ द्या आणि मधल्या शांततेत वळा. सुकतीचं (ओहोटीचं) पाणी समोरून येणाऱ्या लाटेला उभं करतं, म्हणून शक्यतो भरती भरल्यावर आत या.

संगमावरचा

ट्रान्सड्यूसर काढून बघितला. 20 नॉटला डावं वळण स्वच्छ, 24 ला अजून 4600 पर्यंत चढतं. इंजिन खाली घेऊ की चार पात्यांचा पंखा घेऊ?

ओबीएम_मिस्त्री

इंजिन. त्याला फक्त सीलंटचा खर्च. चार पात्यांचा पंखा वळणात आणि कमी आरपीएमला बोट चांगली धरून ठेवतो, पण वरचा एखाद-दुसरा नॉट जातो, आणि इंजिन उंच ठेवून तो बसवणं म्हणजे दुखणं झाकणं. खाली घेतल्यावर पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम परत बघा, 100 च्या आसपास पडेल. नंतरही प्रवासी भरून नेताना हवा ओढत असेल तर चार पात्यांचा घ्या, पण 17 नको, एक-दोन इंच कमी पिचचा. इंचाला साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो. भरलेल्या बोटीत इंजिन मॅन्युअलमधल्या पूर्ण थ्रॉटलच्या आरपीएमच्या वरच्या पट्ट्यापर्यंत पोचलं पाहिजे, रिकाम्या नाही.