सोयाबीन: जुलैत पाणी साचतं, ऑगस्टमध्ये जमीन भेगाळते. सरी काढावी का?

इंदूरजवळ देपालपूरकडे पावणेदोन हेक्टर काळी जमीन आहे, उतार जेमतेम. पाणी साचलं की पीक पिवळं पडतं. मग पावसाने वीस दिवस ओढ दिली की भेगा. सरी काढून पाणी बाहेर घालवलं, तर खंडात पिकाला काय उरणार?

▸ सरी दोन्हीकडे कामाला येते, फक्त तिचं तोंड आपल्या हातात हवं. रुंद वरंबा-सरी यंत्राने दर चार ओळींनंतर १५–२० सेंमी खोल सरी काढा, उताराच्या दिशेने. खालच्या बांधाला चर नसेल तर सरीचंच डबकं होतं. बहुतेकांचं इथेच चुकतं. जोराचा पाऊस ओसरला की तोंडाला मातीचा बांध घाला, म्हणजे पुढचं पाणी जागीच मुरेल. आणि पिवळेपणावर युरिया टाकू नका. मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या नत्र देणाऱ्या गाठी काम थांबवतात, म्हणून पान पिवळं. आधी पाणी काढा.

▸ यंत्र भाड्याने मिळेलच असं नाही, पेरणीच्या आठवड्यात तर नाहीच. पेरणी नेहमीसारखी करा. पीक महिन्याचं झालं की वापसा (मशागतीजोगी ओल) बघून डोऱ्याला, म्हणजे कोळप्याला, दोरी गुंडाळून सऱ्या ओढा. ओल जास्त असताना केलं तर ढेकळं निघतात आणि मुळं तुटतात.

▸ वरच्या दोघांनी बियाण्याचा विषयच काढला नाही! दुबार पेरणी टाळायची तर साधारण १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरा, ३ सेंमीपेक्षा खोल नको. आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजा. ७० उगवले तर हेक्टरी ६५ किलो, ६० उगवले तर ७६ किलो. घरचं बी असेल तर पोती आपटू नका. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर लगेच दुखावतो. एकच वाणही नको: अर्ध्यात जेएस ९५-६०सारखा लवकर येणारा, अर्ध्यात मध्यम मुदतीचा. खंड दोघांना एकाच अवस्थेत गाठत नाही.

▸ मूळ प्रश्नकर्ता: विहिरीचं पाणी एकदाच पुरतं. कधी द्यावं?

▸ शेंगा भरताना, पण भेगा पडायच्या आत, एक सरी सोडून एक. भेगा पडल्यावर पाणी मुळाशी थांबत नाही, सरळ खाली जातं.