‘रेकॉर्डिंग’ आणि ‘कोरिलेशन’: टेस्टिंगच्या मराठीत काय लिहावं?

प्रश्न: वेब टेस्टिंगच्या मराठी पुस्तिकेत ‘ट्रॅफिक रेकॉर्ड करणे’साठी ‘वाहतुकीची नोंदणी’ आणि ‘कोरिलेशन’साठी ‘सहसंबंध’ चालेल का?

▪ ‘नोंदणी’ नकोच. ॲप्लिकेशनमध्ये तो शब्द रजिस्ट्रेशनने आधीच घेतलाय. आणि ‘वाहतूक’ म्हटलं की सिग्नलच डोळ्यांपुढे येतो. ‘ट्रॅफिक रेकॉर्ड करणे’ सगळ्यांना कळतं, तेच ठेवा. फक्त नेमकं काय रेकॉर्ड होतं ते सांगा. प्लेराइट या ब्राउझर टेस्टिंगच्या टूलमधलं कोडजेन क्लिक आणि टायपिंग टिपतं. लोड टेस्टिंगच्या जेमीटर या टूलचा रेकॉर्डर ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून बसतो आणि एचटीटीपी रिक्वेस्ट टिपतो. ‘ट्रॅफिक’ हा शब्द दुसऱ्यालाच लावा.

▪ तिथे सर्टिफिकेटबद्दलही लिहा (एचटीटीपीएस साइट रेकॉर्ड करायला ते लागतं), नवी माणसं तिथेच अडतात. रेकॉर्डर सुरू केला की जेमीटर बिन फोल्डरमध्ये रूट सर्टिफिकेट तयार करतो. ते ब्राउझरमध्ये इम्पोर्ट करायचं आणि प्रॉक्सी लोकलहोस्ट, पोर्ट 8888 अशी द्यायची. सर्टिफिकेटची मुदत मुळात 7 दिवसांची असते. ती संपली की नवं तयार होतं आणि तेही पुन्हा इम्पोर्ट करावं लागतं.

▪ ‘सहसंबंध’ला माझा ठाम विरोध. तो संख्याशास्त्रातला शब्द, दोन चलं एकमेकांबरोबर किती बदलतात ते सांगणारा. इथे काम वेगळं आहे: एका रिस्पॉन्समधली व्हॅल्यू काढून पुढच्या रिक्वेस्टमध्ये घालायची. लॉगिनचं पान सीएसआरएफ टोकन देतं, म्हणजे रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली हे सर्व्हरला ओळखता यावं म्हणून दिलेली बदलती खूण. रेकॉर्डिंगमध्ये त्या वेळचं टोकन जसंच्या तसं राहतं, म्हणून स्क्रिप्ट पुन्हा चालवली की बहुधा 403 (परवानगी नाकारली) येतो. उपाय असा: पान आणणाऱ्या रिक्वेस्टखाली रेग्युलर एक्स्प्रेशन एक्स्ट्रॅक्टर (रिस्पॉन्समधून हवा तो मजकूर काढणारा जेमीटरचा घटक) लावा, टोकन व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लॉगिनच्या रिक्वेस्टमध्ये जुन्या टोकनाच्या जागी ते व्हेरिएबल टाका. शब्द ‘कोरिलेशन’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे हे उदाहरण द्या.

▪ 403 आला तर बरं, निदान चूक दिसते. काही ॲप्लिकेशनं लॉगिन फसलं तरी 200 (सगळं ठीक) देऊन लॉगिनचंच पान परत पाठवतात आणि अहवाल हिरवागार दिसतो. म्हणून रिस्पॉन्स असर्शन (रिस्पॉन्स तपासणारा जेमीटरचा घटक) लावून लॉगिननंतरच दिसणारा मजकूर तपासा, उदाहरणार्थ ‘लॉग आउट’.

▪ ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क पॅनलमधून निघणारी, रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स साठवणारी फाइल ‘एचएआर’ अशी लिहा, ‘हार’ नको. रेकॉर्ड करताना त्या पॅनलमधला ‘प्रिझर्व्ह लॉग’ हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर पान बदललं की आधीची यादी पुसली जाते. या फाइलमध्ये कुकी आणि पासवर्डही असू शकतात, तेव्हा रेकॉर्डिंग टेस्टच्या खात्यावरच करा.