मदत हवी आहे: निकेलमध्ये नॅनो इट्रिया नीट पसरत नाहीये

मंडळी, टर्बाइनच्या गरम पार्टसाठी निकेल-क्रोमियम पावडरमध्ये 1 टक्का नॅनो इट्रिया (इट्रियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण) घालून बॉल मिलिंग (फिरत्या डब्यात स्टीलच्या गोळ्यांनी दळणं) करतोय. नेहमीच्या सुपरअलॉयमधले गॅमा प्राइमचे (ताकद देणाऱ्या निकेल-अ‍ॅल्युमिनियम संयुगाचे) कण 1100-1200 अंश सेल्सिअसच्या आसपास विरघळायला लागतात, इट्रिया तिथे ढिम्म हलत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. पण सिंटर करून (पावडर तापवून घट्ट जोडून) एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघितलं तर कण सगळीकडे पसरायचे सोडून ग्रेन बाउंड्रीवर (धातूच्या स्फटिकांमधल्या सीमांवर) गठ्ठे करून बसलेत, अशाने क्रीप स्ट्रेंथ (गरम असताना सततच्या ताणाखाली हळूहळू न ताणलं जाण्याची ताकद) कुठून येणार? मिलिंगचा वेळ वाढवला की स्टीलच्या गोळ्यांचं लोखंड पावडरमध्ये उतरतं, पावडर चिकटू नये म्हणून घालतो ते स्टिअरिक अ‍ॅसिड वाढवलं तर कार्बन वाढतो, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर! कुणी थोडं टायटॅनियम किंवा हाफ्नियम घालून बघितलंय का? कण खरंच बारीक होतात का त्याने? आणि पावडर घट्ट करायला हॉट एक्स्ट्रूजन (गरम करून साच्यातून दाबून काढणं) बरं की स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (दाबाखाली विजेच्या झोताने तापवणं)?