गिटच्या समर ऑफ कोडसाठी मायक्रोप्रोजेक्ट: पहिला पॅच कसा पाठवायचा?

तृतीयवर्ष_संगणक
गूगल समर ऑफ कोडमध्ये (मेंटॉरच्या मार्गदर्शनाखाली मुक्त-स्रोत प्रकल्पावर काम करायचा गूगलचा उपक्रम) गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन) प्रकल्पासाठी अर्ज करायचा आहे. त्याआधी एक मायक्रोप्रोजेक्ट, म्हणजे छोटंसं काम, करून दाखवावा लागतो. सी बऱ्यापैकी येतं, शेल स्क्रिप्ट जेमतेम. सवय पुल रिक्वेस्टची (वेबसाइटवरून बदल सुचवायची) आहे, इथे मात्र सगळं मेलिंग लिस्टवर चालतं. काम कोणतं निवडावं? ईमेलने पॅच (कोडमधला बदल) पाठवताना नेमकं काय बिघडतं? आणि तीन-चार मायक्रोप्रोजेक्ट केले तर निवडीची शक्यता वाढते का?

टर्मिनलवाली
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही वाढत. एकच पुरे, आणि एकच करावा. ही छोटी कामं सगळ्या अर्जदारांसाठी राखलेली असतात. तुम्ही चार उचललीत तर तिघांची संधी जाते आणि तपासणाऱ्यांचा वेळही. मेंटॉरला तुमचं सी जोखायचं नसतं. चूक दाखवल्यावर तुम्ही काय करता, हे बघायचं असतं. त्यामुळे एका पॅचची दुसरी-तिसरी आवृत्ती नीट काढणं हे चार नव्या पॅचेसपेक्षा मोलाचं.

कामासाठी सोर्सच्या 'टी' डिरेक्टरीतल्या चाचण्या बघा. तिथे दोन प्रकार नेहमी सापडतात. पहिला पाइपचा (एका कमांडचा आउटपुट दुसरीला जोडणं). गिटचा आउटपुट थेट ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) दिला की पाइपलाइनचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) ग्रेपचा धरला जातो. मधे गिट क्रॅश झाला तरी चाचणी पास! म्हणून आउटपुट आधी 'ॲक्च्युअल' नावाच्या फाइलमध्ये घ्यायचा, 'अँड-अँड' लावून मग ग्रेप करायचं. गिट पाइपच्या उजव्या टोकाला असेल तर हात लावू नका, तिथे त्याचाच कोड मिळतो. आणखी एक खड्डा: ही नवी फाइल कार्यरत डिरेक्टरीत पडते. पुढच्या ओळीत 'गिट स्टेटस' किंवा 'गिट ॲड डॉट' असेल तर ती तिथे उगवते आणि भलतीच चाचणी मोडते.

दुसरा प्रकार 'टेस्ट डॅश एफ'चा, म्हणजे फाइल आहे का ते बघणाऱ्या तपासणीचा. तो अपयशी ठरला तर काहीच छापत नाही. त्याच्या जागी 'टेस्ट_पाथ_इज_फाइल' हे हेल्पर फंक्शन वापरलं की कोणती फाइल नाही ते कळतं.

एकच फाइल निवडा. लिस्टच्या संग्रहात त्या फाइलचं नाव शोधा, कारण कुणीतरी तेच काम आधीच पाठवलेलं असू शकतं. बिल्ड करताना 'मेक'ला 'डेव्हलपर=१' द्या, म्हणजे कंपायलरच्या वॉर्निंग्ज एरर ठरतात. मग ती एकच स्क्रिप्ट 'डॅश व्ही डॅश आय' लावून चालवा: पहिल्या अपयशाला ती थांबते.

पॅचपुराण
ईमेलबद्दल. ही लिस्ट एचटीएमएल मेल घेतच नाही. जीमेलच्या खिडकीत पॅच चिकटवला तर लांब ओळी तुटतात, टॅबच्या जागी स्पेस येतात आणि तो कोडवर लागत नाही. म्हणून 'गिट सेंड-ईमेल' वापरा. जीमेलसाठी पोर्ट ५८७, टीएलएस, आणि नेहमीच्या पासवर्डऐवजी ॲप पासवर्ड. तो मिळायला द्विस्तरीय पडताळणी सुरू असावी लागते.

पहिला मेल स्वतःलाच पाठवा. आलेला मेल जसाच्या तसा सेव्ह करून कोऱ्या ब्रांचवर 'गिट एएम'ने (मेलमधला पॅच कोडवर चढवणारी कमांड) लावा. लागला तरच लिस्टकडे. हे सगळं जमत नसेल तर गिटगिटगॅजेट हा बॉट आहे: पुल रिक्वेस्ट उघडायची, कुणीतरी '/अलाऊ' दिलं की '/सबमिट' लिहायचं. मेल तो पाठवतो.

कमिट मेसेजवर (बदलासोबतची नोंद) मात्र पॅचपेक्षा जास्त वेळ द्या, कारण बहुतेक पहिले पॅच तिथेच अडकतात. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, सुरुवातीला चाचणीच्या फाइलचा क्रमांक आणि कोलन, पुढे आज्ञार्थी क्रियापद. खाली आधी सध्याची अडचण वर्तमानकाळात, मग तुमचा बदल. 'काय बदललं' हे डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच, 'का' ते लिहा. कमिट करताना 'डॅश एस' द्या, म्हणजे तुमच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ओळ जोडली जाते. साइन्ड-ऑफ-बाय ओळ नसलेला पॅच स्वीकारत नाहीत. मेलच्या विषयात 'जीसॉक' (समर ऑफ कोडचं लघुरूप) असू द्या. दुसऱ्या आवृत्तीला 'डॅश व्ही२' लावा आणि ती जुन्याच धाग्यात पाठवा. काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली लिहा, तो भाग इतिहासात जात नाही.

तृतीयवर्ष_संगणक
आभारी आहे. निवडलेल्या फाइलमध्ये काही ठिकाणी 'टेस्ट डॅश एफ'च्या आधी उद्गारचिन्ह आहे. तिथेही हेल्परआधी तेच ठेवायचं का?

टर्मिनलवाली
नाही! तसं केलंत तर सगळं बरोबर असतानाही 'फाइल नाही' असा संदेश छापला जाईल आणि वाचणारा गोंधळेल. तिथे 'टेस्ट_पाथ_इज_मिसिंग' हवं. पण ते जास्त कडक आहे: त्या नावाची डिरेक्टरी असली तरी ते नापास करतं, जुना कोड करत नव्हता. म्हणून मूळ लेखकाला काय तपासायचं होतं ते 'गिट ब्लेम' (ओळ कोणी, कोणत्या कमिटमध्ये लिहिली ते दाखवणारी कमांड) करून वाचा आणि कमिट मेसेजमध्ये एका वाक्यात नोंदवा. आणि 'इफ'च्या आत 'टेस्ट डॅश एफ' असेल तर ती तपासणी नाही, वाट निवडणं आहे. तिला तसंच ठेवा.

उत्तररात्र
वेळेचं गणित राहिलं. सहभागी संस्थांची यादी फेब्रुवारीत येते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये. पॅचच्या दोन-तीन फेऱ्यांना दोन आठवडे सहज जातात, तेव्हा यादीची वाट न बघता सुरू करा. एका प्रतिक्रियेवर तासाभरात नवी आवृत्ती फेकू नका. एखादा दिवस थांबा, इतरांचंही येऊ द्या. मात्र प्रत्येक सूचनेला तिच्याच खाली उत्तर द्या, पटली नाही तरी कारणासह. आठवडाभर कुणीच बोललं नाही तर त्याच धाग्यात एक ओळीची आठवण चालते.

पॅच आधी 'सीन', मग 'नेक्स्ट', मग 'मास्टर' या मुख्य ब्रांचमध्ये जातो. अर्जाच्या दिवसापर्यंत 'मास्टर'मध्ये पोचला नाही तरी घाबरू नका, अर्जात त्या धाग्याची लिंक आणि सध्याची स्थिती द्या. प्रस्तावाचा मसुदाही मुदतीआधी आठवडाभर लिस्टवर टाका, नाहीतर मेंटॉरला सूचना द्यायला वेळच उरत नाही. त्यात ३५० तासांचा प्रकल्प म्हणता तर आठवड्यांचा हिशेब तासांत दाखवा. कोडिंगचा नेहमीचा काळ १२ आठवडे, म्हणजे आठवड्याला २९ तासांच्या आसपास. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या परीक्षा मे-जूनमध्ये रेंगाळतात. त्या तारखा आधीच लिहून ठेवा. मेंटॉरच्या संमतीने कोडिंगचा काळ वाढवता येतो, पण ते परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, प्रस्तावातच सांगायचं.