आळंदी ते पंढरपूर पायी जायचंय, तयारी कशी करू?

माझं वय ५२. आई सलग अकरा वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पायी गेली. तिची तुळशीमाळ हातात घेतली की वाटतं, एकदा तरी ती सगळी वाट आपल्या पायांनी चालायची. साधारण २५० किलोमीटर, जवळपास तीन आठवडे.

दोनदा ठरवलं, दोनदा राहिलं. पहिल्यांदा रजाच मिळाली नाही. दुसऱ्यांदा निघाले, पण पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा. दिवे घाट चढून वर आले आणि गुडघा सुजला. सासवडहून एसटीने परतले. पालखी जेजुरीला पोचली तेव्हा मी घरी रडत होते.

आता हातात सात महिने आहेत. सध्या रोज चार किलोमीटर चालते, तेही सपाट रस्त्यावर. दर महिन्याला किती वाढवू? चढाचा सराव वेगळा करावा का? पावसात भिजलेल्या पायांना फोड येऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता? आणि एकट्या बाईने दिंडीत नाव कसं नोंदवायचं, भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवण-मुक्कामाची वर्गणी किती असते?

पन्नाशीनंतर पहिली वारी पूर्ण केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.